दुधी काच

गंगाखेडहून आलेल्या पाहुण्यांत मुलाची एक आत्या होती. तिनं पिशवीतून फोटो काढला आणि मनकर्णाच्या गालाशी धरला. झालं एवढंच. कापडाच्या दुकानात साडीच्या काठाशी ब्लाउजपीस धरून रंग जुळतो का बघावं, तसं. फोटोची कड कानाच्या पाळीला लागली आणि मनकर्णा पोह्यांच्या बशांचं ताट हातात घेऊन तशीच वाकलेली राहिली. सरळ व्हावं की वाकूनच राहावं, तिला कळेना. खोलीत पंख्याचा तेवढा आवाज होता. आत्याबाईंनी एकदा फोटोकडं पाहिलं, एकदा गालाकडं, आणि फोटो मुलाच्या चुलत्याच्या हातात दिला. चुलते सावकाश बोलणारे होते. त्यांनी चष्मा पुसला, फोटो पाहिला, आणि मनकर्णाच्या वडलांना म्हणाले, "व्यंकटराव, तुमी सरकारी नोकरीतले, इज्जतदार माणूस. पोरीच्या तोंडावर देवीचे वण हायत, हे आगोदर सांगून टाकायचं होतं. आमी काय पळून जाणार होतो? पण ही तर फसवणूक झाली." मग सगळ्यांनी चहा घेतला. पोह्यांना कुणी हात लावला नाही. दुपारच्या एसटीनं ते लोक गेले, आणि ताटातले पोहे संध्याकाळपर्यंत गार, दगडासारखे होऊन पडून राहिले.

व्यंकटराव पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. कुणाच्या शेताला किती पाणी सुटलं यावरून कुऱ्हाडी निघत, पण त्यांच्या मोजणीवर आजवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. फसवणूक हा शब्द त्यांच्या कानात गेला तो बाहेर पडेना. रात्री जेवताना घास हातात धरून ते म्हणाले, "मी काय फसवलं? फोटोवाल्यानं काढला तसा मी पाठवला." मनकर्णाची माय, चतुराबाई, तव्यावरची भाकरी उलटत राहिली. मनकर्णा खाली बघून जेवत होती. तिच्या मनात मात्र भलतंच चाललं होतं. दोन महिन्यांपूर्वी तिचे बापू, व्यंकटराव, स्टुडिओतून तो फोटो घेऊन आले होते, सायकल भिंतीला टेकवायचीही वाट न बघता पाकीट उघडून म्हणाले होते, "हुबेहूब आलीस बघ मने!" तेव्हा तिनं मायकडं पाहिलं होतं आणि मायनं तिच्याकडं. फोटोतल्या मुलीचे गाल घासलेल्या ताटासारखे स्वच्छ होते. माय आत निघून गेली होती. पण बापूंना खरंच काही दिसलं नव्हतं. ते फोटो हातात धरून, मान कलती करून, हसत उभे होते. सव्वीस वर्षांच्या त्यांच्या लेकीचा चेहरा त्यांना असाच, वणांशिवाय, माहीत होता. त्या दिवशी मनकर्णाला काय वाटलं होतं ते तिला कुणाला सांगता आलं नसतं. आरशात नाही, शाळेतल्या पोरींच्या नजरेत नाही, टेलिफोन एक्स्चेंजमधल्या बायकांच्या कीव करण्यातही नाही. जगात एका माणसाच्या डोळ्यांत ती अजून धडधाकट होती. तो फोटो तिनं पर्समध्ये ठेवला होता तो काही स्वतःचं रूप बघायला नव्हे. बापूंना मी अशी दिसते, हे बघायला.

दुसऱ्या दिवशी ती एक्स्चेंजमध्ये कामावर गेली. कानाला हेडफोन लावून समोरच्या भोकांत वायरी घालत, काढत, जिंतूर बोला, सेलू बोला, लाइन खराब हाय साहेब, पुन्हा लावते, असं तिचं चालू राहिलं. तिकडून कुणी कापसाचा व्यापारी म्हणाला, "ताई, तुमचा आवाज ऐकला की आमाला वाटतंय कॉल लागणारच." ती रोजच्यासारखी हसली. मग तिच्या लक्षात आलं की हसताना आपण डावा गाल हातानं झाकलाय. समोर तर कुणीच नव्हतं.

त्याच संध्याकाळी व्यंकटराव स्टुडिओत जाऊन निगेटिव्ह मागून घेऊन आले. दारात उभं राहून त्यांनी ती उन्हाकडं धरली. गालांच्या जागी बारीक बारीक ठिपके होते, शिसपेन्सिलीचे. एकेक वण कुणीतरी टोकदार पेन्सिलीनं भरून काढला होता. "स्टुडिओवाला म्हणतो, सगळेच भरतेत साहेब, आजवर कुणी तक्रार केली न्हाई," ते म्हणाले. "मला इचारलं बी न्हाई." ते किती तरी वेळ ठिपके बघत राहिले. मनकर्णा त्यांच्यासाठी चहा घेऊन आली. कप घेताना त्यांनी वर पाहिलं आणि त्यांची नजर तिच्या डोळ्यांवर न थांबता खाली गालावर आली, तिथून हनुवटीवर, तिथून दुसऱ्या गालावर. निगेटिव्हमधला ठिपका कुठला आणि इथला कुठला, हे जणू ते जुळवून बघत होते. क्षणभरच. मग ते ओशाळले आणि चहाच्या वाफेकडं बघू लागले. मनकर्णा आत आली आणि चुलीजवळ बसली. माय म्हणाली, "काय झालं गं?" ती म्हणाली, "काय न्हाई." आत्याबाईंनी फोटो गालाशी धरला तेव्हा तिला रडू आलं नव्हतं. आता चुलीपुढं एकाएकी आलं. मायनं धुराचं निमित्त करून खिडकी उघडली.

त्या दिवसापासून व्यंकटरावांनी एकच ध्यास घेतला. आता फोटो काढायचा तो स्वतः काढायचा, आणि छापायचाही घरात, आपल्या हातानं. कालवा फुटला की फुटल्या जागेचे फोटो काढायला खात्यानं त्यांना कॅमेरा चालवायला शिकवलं होतं, त्यामुळं फोटो काढणं अवघड नव्हतं. एका निवृत्त साहेबाचा जुना कॅमेरा त्यांच्याकडं पडून होता. त्यांनी गच्चीवर, सकाळच्या उन्हात, मनकर्णाला खुर्चीवर बसवून फोटो काढले. राहिलं छापायचं यंत्र, एन्लार्जर. त्यासाठी नांदेडला नागनाथशेठच्या दुकानात जायचं ठरलं, आणि बापू म्हणाले, "तू बी चल. तुझ्यासाठीच घ्यायचंय, तुझ्या पसंतीनं घेऊ." मायनं नको म्हणून पाहिलं. "पोरीला कशाला फरफटायलाव? यंत्र काय साडी हाय का?" पण मनकर्णा गेली. सुट्टी होती, आणि बापूंबरोबर आगगाडीत बसून तिला वर्षं झाली होती.

पूर्णा सोडल्यावर गाडी चुडाव्याला थांबली. त्यांचं गाव तिथून कोसभर. दोघंही खिडकीतून त्याच बाजूला बघत होती. मनकर्णा पाच वर्षांची आणि धाकटी पंचफुला तीन वर्षांची असताना तिथं देवी आल्या होत्या. तिला आठवतं ते फार थोडं: अंगाखालचा लिंबाचा पाला, त्याचा कडू ओला वास, घरात फोडणी द्यायची नाही म्हणून नुसतं उकडलेलं वरण, डोळे सुजून मिटलेले, म्हणून सगळं काळं, आणि त्या काळ्यात शेजारून पंचफुलाचा हात तिच्या हाताला लागलेला. मग एकदा तो हात लागेनासा झाला. बापू तेव्हा येलदरीच्या धरणावर होते. निरोप पोचून ते आले तोवर एका पोरीला मातीही देऊन झाली होती. बापू दारातून आले ते तिनं पाहिलं नाही, तिला डोळे कुठं होते. पण आवाज ऐकला. त्यांनी मायला विचारलं होतं, "कोणती?" आणि माय म्हणाली होती, "मनू हाय." मग बापू तिच्याजवळ येऊन बसले. किती वेळ बसले कुणास ठाऊक. त्यांच्या सदऱ्याला सिमेंटचा वास येत होता. एवढंच. गाडी हलली. फलाटावरची बाई डोक्यावर गाठोडं घेऊन मागं मागं जात राहिली. बापूंनी खिडकी ओढून घेतली आणि म्हणाले, "धूळ लय हाय."

नागनाथशेठचं दुकान एका बोळात होतं. बोळाच्या तोंडाशी भिंतीवर नामांतराची घोषणा लिहिलेली होती. कुणीतरी तिच्यावर चुना मारला होता, आणि तरी चुन्याखालून काळी अक्षरं वर आली होती. शेठनं खुर्च्या पुसल्या, चहा मागवला, आणि दोन यंत्रं टेबलावर मांडली. दोन्ही दिसायला सारखीच: खांबाला टांगलेलं एक डोकं, डोक्यात बल्ब, खाली पाट. "फरक सगळा उजेडाचा हाय साहेब," शेठ म्हणाला. "ह्याच्यात बल्बच्या खाली दुधी काच हाय. उजेड मऊ पडतो. धूळ, ओरखडे, काय बी असू द्या, दबून जातं. आन ह्याच्यात भिंगं हायत. उजेड सरळ येतो. केस न् केस मोजून घ्या. कालवं, पूल, इमारती छापायच्या तर हा घ्या. माणसं छापायची तर दुधी काच. लग्नाच्या फोटूला तर दुधी काचच. गिऱ्हाईक खुश ऱ्हातं." बोलता बोलता त्यानं मनकर्णाकडं पाहिलं, आणि पुढचं वाक्य गिळून चहाच्या पोऱ्याला हाक मारली.

बापू म्हणाले, "दोन्हीवर छापून दाखवा." गच्चीवरच्या फोटोंपैकी एक निगेटिव्ह त्यांनी बरोबर आणली होती. शेठ आतल्या अंधाऱ्या खोलीत गेला आणि थोड्या वेळानं पांढऱ्या तामचिनी ट्रेमध्ये दोन ओले फोटो शेजारी शेजारी घेऊन आला. मनकर्णा दोन्हींकडं बघत राहिली. एकीच्या चेहऱ्यावर सकाळचं ऊन सायीसारखं पसरलं होतं. वण होते, नव्हते असं नाही, पण त्यांना धार नव्हती. दुरून ओळखीच्या माणसानं बघावं तसे ते दिसत होते. दुसरीचा प्रत्येक वण वेगळा होता. प्रत्येकाला कड होती, आणि कडेच्या आत सावली साचलेली होती. पापण्याही वेगळ्या, भुवईतला केसही वेगळा, डोळ्यांतल्या बुबुळात गच्चीचा कठडा आणि कठड्याशी कॅमेरा घेऊन उभे असलेले बापूसुद्धा, राईएवढे. छान छापला होता, यात वाद नव्हता. बापू ट्रेवर वाकले. फोटो बघून त्यांनी मान वळवून तिच्याकडं पाहिलं, परत फोटोकडं, परत तिच्याकडं. शेठही बघत होता. गंगाखेडच्या आत्याबाईंनी तरी एकदाच बघितलं होतं.

"मने, तूच सांग. कोणता घ्यायचा?"

तिला दुधी काच हवी होती. ती खोटी नव्हती, पेन्सिल नव्हती, नुसता मऊ उजेड होता, आणि मऊ उजेडात बघणं म्हणजे काही फसवणं नव्हे, हे तिला एका क्षणात लखलखीत कळलं होतं. मला तुमी असंच बघत होता बापू, इतकी वर्षं, असं म्हणावंसं वाटलं. पण दुकानात, परक्या माणसासमोर, आपणहून मऊ फोटो मागायचा म्हणजे माझा चेहरा झाका म्हणून पदर पसरायचा. ती म्हणाली, "तुमाला बरा वाटतो तो घ्या." आणि बापू म्हणाले, "मंग भिंगाचाच द्या शेठ. आता खरं ते खरं. कुणी बोट ठेवाया नको." शेठनं खांदे उडवले आणि खोकं बांधायला घेतलं. येताना गाडीत खोकं बापूंच्या मांडीवर होतं. चुडावा कधी येऊन गेलं ते कळलं नाही. बापू झोपले होते.

घरात न्हाणीची अंधारखोली झाली. खिडकीवर वाकळ ठोकली, दगडावर पाट, पाटावर एन्लार्जर, तांबडा बल्ब, तीन ट्रे. मनकर्णा मदतीला. एक्स्चेंजवरून आली की हातपाय धुऊन ती न्हाणीत जाऊन उभी राहायची. कोऱ्या कागदावर बापू उजेड पाडायचे, मग कागद पहिल्या औषधात सोडायचा, आणि तांबड्या उजेडात आधी केस, मग डोळे, मग हळूहळू गाल उमटू लागायचे. नेमका वेळ राहू द्यायचा. मग पाण्यातून काढून हायपोत. हायपोत गेला की तो पक्का. मग काही बदलत नाही. बापूंचा हात बसत गेला. फोटो असे यायला लागले की नांदेडच्या शेठनंही मान डोलवावी. ते दोरीला चिमट्यात अडकवून वाळत घालत, आणि मायनं पातळं वाळत घालायला जावं तर मनकर्णाचे चार-पाच चेहरे ओळीनं लटकलेले असत. एकदा माय त्यांच्यासमोर पिळलेलं लुगडं हातात घेऊन थांबली. म्हणाली, "आवं, पोरीला असं टांगून ठेवू नका." बापूंना ते समजलं नाही. ते म्हणाले, "वाळल्याबिगर पाठवू कसे?"

ते फोटो मानवतला गेले, वसमतला गेले, पाथरीला गेले. आता फसवणूक म्हणायला कुणी आलं नाही. कुणीच आलं नाही. काही पाकिटं परत आली, काही तिकडंच राहिली. बापू बोलेनासे झाले. जेवताना त्यांची नजर तिच्या चेहऱ्यावर यायची आणि तव्यावर बोट लागावं तशी मागं जायची. मनकर्णा त्यांच्यासमोर उजेडात बसेनाशी झाली. वाढायला उभी राहिली तर बल्ब पाठीमागं येईल अशी उभी राहायची. फक्त न्हाणीत, तांबड्या उजेडात, दोघं पहिल्यासारखी बोलत: साखरेचं, एक्स्चेंजमधल्या बाईंच्या बदलीचं, यंदाच्या ज्वारीचं. तिथं समोरासमोर बघायचं नव्हतं. दोघांचं लक्ष ट्रेत असायचं.

मग देवगाव फाट्याचं स्थळ निघालं. बन्सीधर नावाचा माणूस, पहिली बायको बाळंतपणात गेलेली, फाट्यावर पंप दुरुस्तीचं दुकान. फोटो मागितला होता. बापूंनी नवीन कागद घेतला, उजेड पाडला, कागद औषधात सोडला. मनकर्णा हायपोच्या ट्रेशी उभी होती. केस उमटले. डोळे उमटले. कपाळ आलं, ओठ आले. गाल अजून पांढरेच होते, सावल्या खालून निघायच्या बेतात होत्या. आणि वेळ भरायच्या आधीच बापूंनी कागद उचलला. तिला वाटलं चिमटा सटकला. पण कागद पाण्यातून निथळून तिच्या ट्रेपर्यंत आला. स्वच्छ गालांची, फिकट, धुक्यातून बघणारी मुलगी. बापू तिच्याकडं न बघता म्हणाले, "कागद जुना निघाला वाटतं. लवकर येतंय." कागदाचं पाकीट तर आत्ताच तिच्यासमोर फोडलं होतं. पाण्याच्या मोजणीत जो माणूस सख्ख्या भावालाही एक इंच सोडत नव्हता, तो हे खोटं बोलत होता. मनकर्णाच्या मनात आलं, परत टाकावा औषधात, अजून उशीर झालेला नाही. आता चिमटा तिच्याच हातात होता. तिनं कागद हायपोत दाबला, पुरता बुडेपर्यंत. म्हणाली, "असंल. जुनाच असंल."

तो फोटो गेला. देवगाव फाट्याचे लोक आले, पोहे खाल्ले, फोटो कुणी पिशवीतून काढलाच नाही. बन्सीधरला पूर्णेच्या कुण्या पाहुण्यानं सगळं आधीच सांगितलेलं होतं; त्यानं तिला एवढंच विचारलं, की फाट्याजवळच्या सेलूला बदली मिळंल का. वैशाखात लग्न झालं. मनकर्णाचं बरं चाललं, लोक म्हणत तसं बरं. पण ते सगळं नंतरचं. तिच्याजवळ राहिली ती न्हाणीतली ती संध्याकाळ, कारण फोटो हायपोत बुडाला आणि लाइट गेली. तांबडा बल्बही गेला. बाहेर माय कंदील शोधत भांड्यांना धडकत होती. आत काहीच दिसत नव्हतं, स्वतःचा हातसुद्धा. दोघं जागच्या जागी उभी राहिली. ट्रे लवंडंल म्हणून कुणी हलेना.

"मने," बापू म्हणाले.

"जी."

मग त्यांचा आवाज आला, पाण्यासारखा खालून. "मला दिसायचेच न्हाई गं पहिले. खरंच सांगतो. धरणावरून आलो तवा तुझ्या मायनं सांगितलं मनू हाय म्हणून. मंग तुझं तोंड बघितलं की मला एवढंच दिसायचं, की ही ऱ्हायली. बाकी काय दिसायचंच न्हाई."

"म्हाईत हाय बापू मला."

"त्या लोकांनी दाखवलं आन मंग..." त्यांचा श्वास ऐकू येत होता, आणि नळाचा थेंब.

"आता दिसतेत?" तिनं विचारलं.

दाराच्या फटीतून कंदिलाचा पिवळा उजेड आला आणि मायची हाक आली, "अंधारात काय करायलाव दोघं? उघडा की दार." मनकर्णानं हात मागं नेऊन चाचपडत कडी धरली. उघडली नाही, धरूनच ठेवली.